पांढरी फुटलेल्या रानाला जिप्सम किती?

प्रश्न : वाळवा तालुक्यात नदीकाठी काळं रान आहे. पांढरी फुटते, ऊस पिवळा पडतो. एकरी किती जिप्सम टाकू?

उत्तर : आकड्याआधी माती तपासा. क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू 8.5 च्या आत असेल, तर रान क्षारयुक्त आहे. तिथे जिप्सम म्हणजे पैसे मातीत. सामू 8.5 च्या पुढे, ओलं रान चिकट आणि वाळलं की ढेकूळ फुटेना, तर ते चोपण. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हटवतं. पण हटलेला सोडियम जाणार कुठे? निचरा नसेल तर उन्हाळ्यात तो पाण्याबरोबर पुन्हा वर येतो. म्हणून आधी चर किंवा भूमिगत सच्छिद्र पाइप, मग जिप्सम. खर्च मोठा आणि वरच्या बांधाचं पाणी झिरपणारच, हा आक्षेप रास्त आहे; म्हणूनच ओढ्यापर्यंतची चारी शेजाऱ्यांनी मिळूनच काढावी लागते, एकट्याचं ते काम नव्हे. साताऱ्यातल्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राचा फुले 265 क्षार बराच सोसतो, तेव्हा जात बदलून भागेल असं अनेकांना वाटतं. भागतं, पण काही काळच: ऊस तग धरतो, रान मात्र सुधारत नाही, आणि पाटपाणी तसंच भरपूर सोडलं तर क्षार साठतच राहतात.