सूर्याची कमाई

मुलांनो, बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा दिसतील. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके याच डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. समजा, डोंगरातल्या एखाद्या वस्तीत रात्री कोणी एकदम आजारी पडले. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करायचा आहे. फोन हातात आहे. पण टेकडीवरच्या टॉवरची वीज गेली असेल, तर आपली हाक कोण ऐकणार?

बिनतारी यंत्राचा संदेश हवेतून जातो, हे खरे. पण त्या यंत्राला वीज मात्र रात्रंदिवस लागते. जिथे वीज वारंवार जाते, तिथे सूर्य आणि बॅटरी हे दोघे मदतीला येतात.

तुम्हांला ठाऊक आहे का, आजच्या सौर घटाचा जन्मच टेलिफोनच्या गरजेतून झाला! उष्ण व दमट प्रदेशांत टेलिफोनचे कोरडे घट लवकर खराब होत. त्यावर उपाय शोधताना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तीन शास्त्रज्ञांनी १९५४ साली सिलिकॉनचा सौर घट तयार केला. तो सूर्यप्रकाशाच्या फक्त ६ टक्के भागाची वीज करी. १९५५ साली जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावाजवळ, खेड्यातल्या टेलिफोन लाइनवर तो वापरून पाहण्यात आला. आपल्या देशात २७ सप्टेंबर २०२५ रोजी ९७,५०० हून अधिक फोर-जी टॉवरांचे उद्घाटन झाले. हे टॉवर सौर ऊर्जेवर चालणारे आहेत, असे सरकारने तेव्हा जाहीर केले.

आता या यंत्रणेचे काम पाहू. सौर पॅनेल दिवसा वीज तयार करते. ती चार्ज कंट्रोलरमधून बॅटरीत जाते. बॅटरी भरली, की कंट्रोलर जास्तीची वीज आत जाऊ देत नाही. रात्री बॅटरी यंत्राला वीज पुरवते.

हे सारे हिशेबाचे काम आहे. शाळेतला एक लहान राउटर १० वॅटचा आहे, असे माना. २४ तासांत त्याला २४० वॅट-तास वीज लागेल. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज मावते. परंतु शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी. रोज पूर्ण रिकामी केली, तर ती लवकर निकामी होते. म्हणजे हाताशी ६०० वॅट-तास आहेत. सूर्य मुळीच दिसला नाही, तरी राउटर अडीच दिवस चालेल.

१०० वॅटच्या पॅनेलला दिवसातून ४ तासांइतके कडक ऊन मिळाले, तर ४०० वॅट-तास वीज होते. वाटेत साधारण चौथा भाग वाया गेला, असे धरू. उरले ३००. खर्च २४०, कमाई ३००. छान!

आता कोणीतरी त्याच बॅटरीला १५ वॅटचा पंखा जोडला आणि तो रोज ८ तास चालवला. १२० वॅट-तासांचा खर्च वाढला. एकूण खर्च ३६० झाला आणि रोज ६० ची तूट येऊ लागली. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. राउटर चालतो, पंखाही फिरतो. तूट मात्र साठ्यातून भरली जाते आणि दहा दिवसांत ते ६०० वॅट-तास संपतात. अकराव्या दिवशी आभाळ भरून आले, तर सांभाळून घेणारे कोणीच नसते. दोष लोक ढगाला देतात. खरा दोष पंख्याचा असतो.

मराठीत म्हण आहे, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे.’ आपल्या उर्दूतही आपण म्हणतो, ‘चादर देखकर पाँव फैलाओ.’ सौर यंत्रणेचा सारा नियम या म्हणीत आला आहे.

हिशेबाबरोबर निगाही हवी. आपला जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण तितकेच तिरपे बसवावे. त्यावरची धूळ पुसावी. झाडाची सावली थोड्याच भागावर पडली, तरी वीज बरीच घटते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. तेव्हा ती सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. शिशाची बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ काडी कधीही ओढू नका. साध्या बॅटरीत पाणी घालायचे असेल, तर ते मोठ्या माणसांनी घालावे, आणि तेही डिस्टिल्ड वॉटरच.

मुलांनो, सूर्य कोणाकडे बिल पाठवत नाही. पण तो उधारही देत नाही. दिवसाची कमाई जपून वापरली, तरच रात्रीची हाक पोहोचते.

शब्दार्थ
बिनतारी – तारेशिवाय चालणारे
तूट – कमी पडलेला भाग, घाटा
निकामी – बेकार
निगा – काळजी, देखभाल

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिलिकॉनचा सौर घट कोणत्या साली तयार झाला?
(आ) चार्ज कंट्रोलरचे काम कोणते?
२. कारणे लिहा : बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवावी.
३. पंख्याऐवजी ५ वॅटचा दिवा रोज ४ तास लावला, तर तूट येईल का? हिशेब करून सांगा.
४. या पाठातील म्हणीसारखी आणखी एक म्हण मराठीत व उर्दूत शोधा.