जमिनीखालची आंधळी कोशिंबीर : भूजलातले जीवाणू आणि त्यांचे विषाणू

मागच्या वर्षी ‘पाणी’ हा घटक शिकवताना मी फळ्यावर लिहिलं होतं, ‘खोल बोअरचे पाणी निर्जंतुक असते.’ दगडातून गाळून येतं, ऊन नाही, हवा नाही, मग तिथे जगणार कोण? असं माझं सरळ गणित. मुलांनीही वहीत उतरवून घेतलं. ते वाक्य चूक होतं, म्हणून यंदा सातवीत तोच घटक घेताना आधी ते खोडण्यापासून सुरुवात केली.

जमिनीखालच्या पाण्यात जीवाणू असतात आणि ते चांगले ठणठणीत असतात. प्राणवायू नसला तरी त्यांचं अडत नाही. कोणी हायड्रोजन वापरतो, कोणी लोह, कोणी सल्फेट. आणि जिथे जीवाणू तिथे त्यांना लागण करणारे विषाणूही आलेच. माणसाला सर्दी होते तशी जीवाणूलाही ‘लागण’ होते, हे ऐकून वर्ग हसला. पण आहे तसंच.

या विषाणूंना बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज म्हणतात. त्यांचा सुगावा पहिल्यांदा लागला त्यात आपल्या देशाचाही भाग आहे. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने नोंदवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू मरतात, पण तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. कारण मात्र त्याला सापडलं नाही. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स डेरेल यांनी पॅरिसमध्ये ‘जीवाणू खाणारा’ या अर्थाचं बॅक्टेरियोफेज हे नाव दिलं. खाणं हा शब्द नावापुरताच हं! विषाणूला ना तोंड, ना पोट. आकार सांगायचा तर एक जीवाणू आपल्या वर्गखोलीएवढा धरला, तर विषाणू तुमच्या दप्तराएवढा होईल.

आता जाऊ स्वीडनला. तिथल्या आस्पो या बेटाखाली ग्रॅनाइट खडकात साडेचारशे मीटरपेक्षा खोल जाणारा बोगदा आहे. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन हजारो वर्षं सुरक्षित कसं पुरायचं, याचा अभ्यास तिथे झाला. इंधन तांब्याच्या जाड डब्यांत घालायचं, भोवती चिकणमाती भरायची, अशी ती योजना. यात जीवाणूंचा काय संबंध? तर खडकातल्या पाण्यात सल्फेट वापरणारे जीवाणू असतात. ते सल्फाइड तयार करतात (कुजक्या अंड्याचा वास असतो ना, त्यातलाच प्रकार) आणि सल्फाइडने तांबं गंजतं. म्हणून जीवाणू किती आहेत आणि त्यांची संख्या कोण आवरतं, हा प्रश्न तिथे फार महत्त्वाचा आहे.

शास्त्रज्ञांनी ६९ ते ४५० मीटर खोलीवरचं पाणी तपासलं. एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, काही हजारांपासून लाखांपर्यंत जीवाणू निघाले. विषाणू त्यांच्या सुमारे दहा-बारा पट! पुढच्या अभ्यासात तिथल्याच एका सल्फेटवाल्या जीवाणूला मारणारे फेज वेगळे काढले. फेज जीवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि जीवाणूचीच यंत्रणा वापरून आत विषाणू तयार होऊ लागतात. सुमारे ७० तासांनी जीवाणू फुटायला लागतो आणि एकातून सरासरी १७० नवे फेज बाहेर पडतात.

इथे एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. एकाचे १७०, त्यांचे २८,९००, तेही सहा दिवसांत. म्हणाली, “मग आठ-पंधरा दिवसांत सगळे जीवाणू संपायला पाहिजेत की!” पाठातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. उत्तर फळ्यावर देण्याऐवजी आम्ही मैदानात गेलो आणि आंधळी कोशिंबीर खेळलो.

राज्य ज्याच्यावर, तो विषाणू. विषाणूला पोहता येत नाही, दिसत नाही. पाणी नेईल तिकडे तो जातो. तीसपैकी वीस मुलांच्या मनगटाला लाल रिबीन बांधली. रिबीनवाला सापडला तरच राज्य मिटलं; दुसरा कोणी सापडला तर सोडून द्यायचा. कारण फेज भलताच चोखंदळ असतो. आस्पोचे फेज जवळच्या भाऊबंद जातींनासुद्धा शिवत नव्हते. पहिल्या डावात पटापट राज्य फिरलं. दुसऱ्या डावात फक्त तिघांना रिबीन ठेवली. बिचारा आंधळा मैदानभर चाचपडला, शेवटी घंटा झाली!

म्हणजे जी जात फार वाढते, तिच्यावर विषाणूंची धाड आधी पडते. ती विरळ झाली, की विषाणूंना सावज सापडत नाही आणि काही काळाने ते स्वतःच नष्ट होतात. शिवाय काही जीवाणूंमध्ये बदल होऊन फेजला चिकटायला जागाच राहत नाही. काही फेज तर घाईच करत नाहीत. जीवाणूच्या डीएनएत आपला डीएनए मिसळून गप्प बसतात, आणि जीवाणू दुभागला की त्यांचीही आपोआप नक्कल होते. फुटलेल्या जीवाणूंतला मालमसालाही वाया जात नाही, तो पाण्यात मिसळून दुसऱ्या जीवाणूंचं अन्न होतो. अंधाऱ्या खडकात अन्नाची टंचाईच असते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

वर्गात परत येताना एकाने विचारलं, “मग हापशाच्या पाण्यात टीसीएल कशाला टाकायचं? विषाणू मारतील की जंतू.”

नाही. एक तर फेज जीवाणूंना आवरतात, संपवत नाहीत, हे आत्ताच खेळून पाहिलं. दुसरं, कावीळ आणि जुलाबाचे विषाणू वेगळे, त्यांना फेज काहीच करत नाहीत. आपल्याकडे पाणी मुरमात आणि काळ्या दगडाच्या भेगांत साठतं. भेगेतून पाणी भराभर उतरतं, वाळूसारखं गाळलं जात नाही. हापशाजवळ शोषखड्डा किंवा संडासाची टाकी असेल तर घाण तिथवर पोचू शकते. आणि ती पोचली का हे ओळखायलाही फेजच कामी येतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूचे फेज भूजलात सापडले, तर मैला झिरपतोय असा इशारा समजतात. अमेरिकेच्या २००६ च्या भूजल नियमात अशा तपासणीची सोय आहे.

मागच्या वर्षीची मुलं आता आठवीत, दुसऱ्या शाळेत आहेत. त्यांच्या वह्यांत ते चुकीचं वाक्य अजून असेल. यंदाच्या वर्गाला गृहपाठ दिलाय : आपल्या हापशापासून सर्वांत जवळचा शोषखड्डा किती पावलांवर आहे ते मोजून आणा, आणि आठवीतल्या ताई-दादांना वही दुरुस्त करायला सांगा.