मनस्तापातील स्पर्शोपचार : निवडीचा विवेक

मानसिक ताणाच्या प्रत्येक रुग्णास सरसकट शिरोधारा सुचविण्याचा प्रघात पडला आहे. तो शास्त्रसंमत नाही. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असून त्याचा आश्रय त्वचा होय, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अ. ५) सांगितले आहे. स्पर्शोपचारांचा आधार हाच. परंतु निवड दोषानुसारच व्हावी.

१) वाताधिक्य (भय, रूक्षता, खंडित निद्रा) : कोमट तिळतेलाचा सर्वांग अभ्यंग, रात्री पादाभ्यंग.
२) पित्ताधिक्य (क्रोध, शिरोदाह) : शीत द्रव्यांची धारा, उदा. क्षीरधारा.
३) कफाधिक्य (जडता, अतिनिद्रा, निरुत्साह) : स्नेह टाळून रूक्ष उद्वर्तन.

वाग्भटांनी अभ्यंग, सेक, पिचू व बस्ती हे मूर्धतैलाचे चार प्रकार उत्तरोत्तर अधिक गुणकारी मानले असून निद्रानाशात शिरोबस्ती सांगितला आहे. पादाभ्यंग मात्र अल्पखर्चिक व घरी करता येण्याजोगा आहे.

काही वर्षांपूर्वी एका शोकाकुल भगिनीस अजीर्णाची विचारपूस न करताच मी अभ्यंग दिला. जडता व अरुची वाढली. अजीर्णात अभ्यंग निषिद्ध असल्याचे वाग्भटवचन पाठ असूनही चूक घडली. पुढे लंघन-पाचनानंतर केवळ पादाभ्यंगाने त्यांना झोप लागू लागली.

म्हणून उपचारापूर्वी, आणि औषधविक्रेत्यांनी तेल देण्यापूर्वीही, भूक व मलप्रवृत्ती अवश्य विचारावी. स्पर्शास रुग्णाची संमती घ्यावी. आत्मघाताचे विचार आढळल्यास त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे; चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.