समूहगायन आणि मनाचे स्वास्थ्य

जून महिन्यात वसतिगृहात नव्याने दाखल झालेले मूल दिवसभर वर्गात आणि मैदानावर रमते. रात्री दिवे मालवले की त्याला घर आठवते. या एकटेपणाची गणना आपण आजारात करीत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु त्याकडे दुर्लक्ष झाले तर भूक, झोप आणि अभ्यास या तिहींवर परिणाम होतो, हे निवासी शाळेतील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. अशा मुलाला इतरांशी जोडणाऱ्या एकाच साधनाचा, समूहगायनाचा, विचार येथे केला आहे.

गाताना शरीरात काय घडते? ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहावा लागतो आणि ती संपताच चटकन भरून घ्यावा लागतो. म्हणजे उच्छ्वास लांबतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. एकच ओळ सर्वांनी गायली तर सर्वांचा श्वास त्या ओळीच्या स्वाधीन होतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकत्र गाणाऱ्या १८ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या हृदयाची गती बरोबरीने वाढते व उतरते, असे आढळले. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इंग्लंडमधील प्रौढांच्या गायन, हस्तकला व लेखन वर्गांचे सात महिने निरीक्षण करून काढलेला निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अखेरीस सर्वच वर्गांत जवळीक निर्माण झाली होती. मात्र गाणाऱ्यांमध्ये ती आरंभीच आली. म्हणजे गायनावाचून स्नेह जुळत नाही, असे नव्हे. तो लवकर जुळतो, एवढेच. परंतु जून महिन्यातील त्या मुलाला नेमके हे ‘लवकर’च हवे असते.

आपल्या पूर्वजांपाशी हे निष्कर्ष नव्हते, अनुभव होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांचाच वारसा घेऊन भीमराव कर्डक व त्यांच्यासारख्या अनेक शाहिरांनी आंबेडकरी जलसे चाळींतून व खेड्यापाड्यांतून नेले. इतिहासाच्या अभ्यासात जलशाची नोंद बहुधा प्रचाराचे साधन म्हणून होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. शाहिराच्या मागे उभे राहून ध्रुवपद उचलणाऱ्या झीलकऱ्यांकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. त्यांच्या गळ्यात शाहिराची फिरत असण्याची गरज नव्हती. शाहीर श्वास घेई तेवढ्यात सूर खाली पडू न देणे, हे त्यांचे काम. तेच ध्रुवपद समोर बसलेला माणूसही उचलू शके. ज्याला गावात वाट सोडून, आवाज दाबून जगावे लागे, त्याने चारचौघांत आपल्या माणसांबरोबर मोकळ्या गळ्याने गावे, यात मनाची केवढी सुटका असेल! वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते असंख्य आयाबहिणींना तोंडपाठ झाली ती पुस्तकांपेक्षा अशा गाण्यातूनच, असे माझे मत आहे.

आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. गाणे पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्याने वाजते. गात मात्र कोणीच नसते. तरुणांच्या उत्साहाला माझा विरोध नाही. परंतु ज्या आवाजात शेजाऱ्याचा स्वर ऐकू येत नाही, तेथे झीलकरी उरत नाही.

शाळेतही हेच घडू शकते. स्नेहसंमेलनाच्या तालमीत ‘तू बेसूर गातोस, नुसते ओठ हलव’ असे मुलाला सांगितले जाते. समूहगायन मनासाठी असेल, तर निवड नको आणि स्पर्धाही नको. पट्टी मध्यम ठेवावी. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना खालच्या सप्तकात गाऊ द्यावे. विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना धम्म लांबलचक गीतस्वरात गाण्यास मनाई केली आहे. तेथे सांगितलेल्या पाच दोषांपैकी पहिला असा की, गाणारा आपल्याच स्वरात आसक्त होतो. सस्वर पठणाला मात्र त्यांनी अनुमती दिली. सामूहिक वंदनेत एकट्याचा स्वर उठून दिसत नाही, ही तिची उणीव न मानता गुण मानावा. ती घाईने उरकू नये, इतकेच. माजी विद्यार्थी व माता-पालकांनी महिन्यातून एक सायंकाळ मुलांबरोबर गाण्यासाठी दिली, तर लहानांना मोठ्यांच्या आवाजाचाही आधार मिळेल.

एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. गायन हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. एखादे मूल दोन आठवडे अबोल राहिले, जेवण टाळू लागले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर त्याला गाण्याच्या रांगेत उभे करून भागणार नाही. त्याच्याशी बोलावे, पालकांना कळवावे, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. जगण्याच्या कंटाळ्याची भाषा कानी आली तर दोन आठवडे थांबूही नये. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.