धंद्याचा अनुभव इंग्रजीत कसा सांगावा?

वसईच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागांतील गाळ्यांत हातात हुन्नर असलेले पुष्कळ कारागीर आहेत. परंतु आम्ही कापडाच्या व्यापारात नेहमी पाहतो की, बाहेरची पार्टी समोर बसली आणि तिने इंग्रजीत अनुभव विचारला, की वीस वर्षांचे काम एका चुकीच्या क्रियापदात बुडते. म्हणून आज एवढाच धडा घेऊ.

मराठीत ‘मी लिननचे काम केले’ म्हटले की काम झाले, गोष्ट संपली. ‘मी लिननचे काम केले आहे’ म्हटले की त्या कामाचा अनुभव आज आपल्यापाशी जमा आहे. हा पूर्ण वर्तमानकाळ. उर्दू शाळेत शिकलेल्या बांधवांना तो ‘माजी करीब’ या नावाने आठवेल. ‘किया’ आणि ‘किया है’ यांत जो फरक, साधारण तोच येथे आहे. इंग्रजीत ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ येतो (ही, शी, इट यांच्यासोबत ‘हॅज’) आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप.

1) अनुभव विचारणे व सांगणे : ‘हॅव यू एव्हर वर्क्ड विथ लिनन?’ येथे ‘एव्हर’ म्हणजे आजवर कधीतरी. उत्तर : ‘येस, आय हॅव.’ काम केलेले नसेल तर खरे तेच सांगावे, पण येते तेही पुढे ठेवावे : ‘नो, आय हॅव नेव्हर वर्क्ड विथ लिनन, बट आय हॅव वर्क्ड विथ कॉटन.’

2) दिवस सांगितला की ‘हॅव’ गेला : ‘आय हॅव सेंट द सॅम्पल’ बरोबर. पार्टीने ‘कधी?’ विचारले तर ‘आय सेंट इट यस्टर्डे.’ मराठीत ‘काल नमुना पाठवला आहे’ चालते, म्हणून आपण ‘हॅव’ आणि ‘यस्टर्डे’ एकत्र बोलतो. इंग्रजीत ते चालत नाही.

3) अजून चालू असलेले काम : ‘2005 पासून या धंद्यात आहे’ याचे इंग्रजी ‘आय हॅव बीन इन धिस बिझनेस सिन्स 2005.’ येथे साल असूनही ‘हॅव’ राहतो, कारण ‘सिन्स’ त्या सालापासून आजपर्यंत पोहोचतो. मुदत सांगताना ‘फॉर’ : ‘फॉर ट्वेंटी इयर्स.’ सोपारा हे प्राचीन बंदर होते, आता ते बंदर राहिले नाही, म्हणून ‘सोपारा वॉज अ पोर्ट.’ आपला धंदा चालू असताना ‘आय वॉज इन धिस बिझनेस’ म्हटले, तर पार्टी समजेल की धंदा बंद झाला.

4) ‘बीन’ आणि ‘गॉन’ : ‘ही हॅज बीन टू दुबई’ म्हणजे दुबईला जाऊन आले. ‘ही हॅज गॉन टू दुबई’ म्हणजे गेले, अजून परतले नाहीत. मालक गाळ्यात बसलेले असताना फोनवर ‘गॉन’ सांगितले, तर ऑर्डर दुसऱ्या दाराला जाऊ शकते.

सराव : आज दुकान बंद करण्यापूर्वी तीन वाक्ये मोठ्याने म्हणावीत. आपण कोणते काम केले आहे, कोणते कधीच केलेले नाही, आणि या धंद्यात किती वर्षे आहात. तिन्ही वाक्ये खरी असावीत, कारण पार्टीचा पुढचा प्रश्न त्यांवरच येणार आहे.