ब्रेकांतील हवा एकट्यानें काढण्याची रीति

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं स्वतःची जीप किंवा पिक-अप गाडी बाळगणारे शेतकरी आतां गांवोगांव आढळतात. इंजिनाचें तेल बदलणें, हवेची गाळणी साफ करणें, पट्टा ताणणें इत्यादि कामें त्यांपैकीं पुष्कळजण घरच्या घरीं करितात. ब्रेकाच्या बाबतींत मात्र चालढकल होते. पेडल दाबतांना पाय मऊ जागीं रुतल्यासारखा वाटूं लागतो, एकदां दाबून भागेनासें होऊन दोनतीनदां दाबावें लागतें, तरीहि पुढच्या बाजाराच्या दिवशीं गॅरेजांत दाखवूं, असें म्हणून गाडी तशीच हांकली जाते. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर अशानें निभावून जाते. तीच गाडी कांद्याच्या गोण्यांनीं भरून कसाऱ्याच्या घाटानें खालीं उतरूं लागली म्हणजे त्या मऊपणाची खरी किंमत कळते. आणि ती कळून घेण्याची ती वेळ नव्हे.

ब्रेकाच्या नळ्यांतील हवा काढणें हें काम कठीण नाहीं. एकानें पेडल दाबावें व दुसऱ्यानें चाकापाशीं बसून निपल उघडावें व मिटावें, अशी त्याची जुनी वहिवाट आहे. परंतु वस्तीवर राहणाऱ्यास ऐन वेळीं दुसरा समजूतदार माणूस मिळत नाहीं, आणि म्हणूनच हें काम राहून जातें. एकट्या माणसास तें निर्धोकपणें कसें करितां येतें, हें येथें क्रमवार सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हवेनें काय बिघडतें

विहिरीवरील पंपाच्या सक्शन नळींत हवा शिरली म्हणजे इंजिन कितीहि जोरानें फिरलें तरी पाणी चढत नाहीं, हें प्रत्येक बागाईतदार जाणतो. ब्रेकाचेंहि बरेंचसें तसेंच आहे. द्रव पदार्थ दाबानें जवळजवळ आकसत नाहीं, आणि बंद जागेंतील द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व ठिकाणीं सारखा पोंचतो. हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत मांडला. त्याचाच उपयोग करून माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थानें १९१७ सालीं द्रवानें चालणाऱ्या ब्रेकाचें पेटंट मिळविलें, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारींत असे ब्रेक चारी चाकांना बसविण्यांत आले.

हिशेबासाठीं एक उदाहरण घेऊं. पायानें २० किलोचा भार दिला व पेडलाच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोचा भार पडतो. दट्ट्याचें क्षेत्र ४ चौरस सेंटिमीटर धरल्यास द्रवांत दर चौरस सेंटिमीटरास २५ किलो दाब उत्पन्न होतो. आणि चाकाजवळील दट्ट्या २० चौरस सेंटिमीटरांचा असल्यास तोच दाब तेथें ५०० किलोचें बळ देतो. आतां मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकतो असें धरूं. म्हणजे त्याच्या एका पुऱ्या धांवेंत अवघा १२ घन सेंटिमीटर द्रव पुढें ढकलला जातो. नळ्यांत ५ घन सेंटिमीटर हवा अडकली असेल, तर वरील दाबाखालीं ती आकसून पाव घन सेंटिमीटराहूनहि कमी होते. म्हणजे एकंदर धांवेचा सुमारें दोनपंचमांश भाग केवळ हवा दाबण्यांतच खर्ची पडला. लहानशा चमचाभर हवेचा हा परिणाम आहे.

हवेचीच दुसरी बहीण म्हणजे वाफ. ज्यास आपण ब्रेक-ऑइल म्हणतों, तें खनिज तेल नसून बहुधा ग्लायकोल जातीचा द्रव असतो, व तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ या प्रतीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या स्थितींत ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ या प्रतीचे आंकडे अनुक्रमें २३० व १५५ असे आहेत. घाटांत सतत पाय ठेवल्यानें ब्रेक तापतात, जुना ओलसर द्रव चाकाजवळ उकळतो, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच दबते. पेडल एकाएकीं तळाशीं जातें. म्हणून नुसती हवा काढून न थांबतां जुना द्रव काढून नवा भरणें हें याच कामाचें दुसरें अंग समजावें. पुष्कळ कारखानदार दर दोन वर्षांनीं द्रव बदलण्यास सांगतात.

कामापूर्वीं पाहावयाच्या गोष्टी

हवा आपोआप शिरत नाहीं. लायनर बदलतांना नळी सोडली असेल, टाकींतील द्रव संपूं दिला असेल, किंवा कोठें तरी गळती असेल, तरच ती आंत येते. म्हणून आधीं चारी चाकांच्या आंतील बाजू, रबरी नळ्या, सांधे व मास्टर सिलिंडर यांवर ओल दिसते कीं काय तें पाहावें. गळती असल्यास ती दुरुस्त केल्यावांचून हवा काढण्यांत अर्थ नाहीं. टाकींतील पातळी खालीं गेली म्हणजे गळतीच आहे असेंहि नाहीं. लायनर व पॅड झिजल्यानेंहि पातळी उतरते. तेव्हां तेहि तपासावे.

साहित्य थोडकेंच लागतें: निपलाला नेमका बसणारा रिंग पाना, सुमारें तीन हात लांबीची पारदर्शक नळी जी निपलावर घट्ट बसेल, एक स्वच्छ पारदर्शक बाटली, जुनें कापड, तारेचा ब्रश, एक लांकडी ठोकळा, एक मजबूत काठी आणि गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीच्या द्रवाचा सीलबंद डबा. सर्व द्रव बदलावयाचा असल्यास अर्धा ते एक लिटर हाताशीं असावा. फोडून महिनोन्‌महिने पडलेला डबा वापरूं नये. डॉट ५ हा सिलिकोन जातीचा द्रव डॉट ३ किंवा ४ मध्यें कधींहि मिसळूं नये. इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल यांचा थेंबहि टाकींत जातां कामा नये. त्यानें आंतील रबरी वायसर फुगतात व सर्व ब्रेक निकामी होतात.

निपल गंजलेलें असल्यास आदल्या संध्याकाळीं तें ब्रशानें घासून गंज सोडविणारें तेल लावून ठेवावें. फटीच्या पान्यानें ओढाताण करूं नये. निपल आंत तुटलें म्हणजे दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात.

गाडी सपाट कठीण जमिनीवर उभी करावी व चाकांना पुढून-मागून ओट लावावी. खालीं शिरण्यासाठीं गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकवर विसंबूं नये, स्टँड लावावेत. पिक-अप गाड्यांच्या बाबतींत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. त्यांपैकीं कित्येकांत मागील बोजाप्रमाणें मागच्या ब्रेकांचा दाब कमीजास्त करणारा व्हाल्व असतो. चेसिस उचलून मागचा ॲक्सल लोंबकळत ठेविला तर तो व्हाल्व गाडी रिकामी समजून मागचा प्रवाह आवळतो, आणि हवा नीट निघत नाहीं. म्हणून स्टँड ॲक्सलखालीं द्यावेत, म्हणजे भार स्प्रिंगांवरच राहील.

कृति

प्रथम टाकीचें झांकण व भोंवतालची जागा पुसून घ्यावी, द्रव वरच्या खुणेपर्यंत भरावा व झांकण सैल ठेवावें. पेडलाखालीं लांकडी ठोकळा असा ठेवावा कीं, पेडल अगदीं तळाला जाणार नाहीं. जुन्या मास्टर सिलिंडरांत दट्ट्या नेहमीं न फिरणाऱ्या भागांत गंज असतो. पेडल तळापर्यंत नेल्यास वायसर त्या खरबरीत भागावर घांसून फाटतात.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. उजव्या बाजूस चक्र असलेल्या गाडींत साधारणतः मागील डावें, मागील उजवें, पुढील डावें व शेवटीं पुढील उजवें असा क्रम येतो. कांहीं गाड्यांत नळ्यांची मांडणी तिरपी असल्यामुळें क्रम निराळा असतो. अशा वेळीं गाडीच्या पुस्तकाचा शब्द अखेरचा मानावा.

निपलावर आधीं रिंग पाना व मग नळी चढवावी. बाटलींत दोन बोटें ताजा द्रव घालून नळीचें दुसरें टोंक त्यांत बुडवावें. बाटली निपलाच्या पातळीहून उंच तारेनें अडकवावी, आणि नळी निपलापासून सरळ वर चढत जाईल असें पाहावें. या एकट्याच्या रीतीचें सारें मर्म एवढ्यांतच आहे. बुडबुडे स्वभावतः वर जातात. त्यामुळें ते निपलापासून दूर सरतात व निपलापाशीं द्रवच उभा राहतो. पेडल सोडतांना नळींतून कांहीं मागें ओढलें गेलें तरी तो द्रव असतो, हवा नसते.

आतां निपल फक्त पाव फेरा उघडावें. जास्त उघडल्यास आट्यांच्या फटींतून हवा आंत शिरते. नंतर गाडींत बसून पेडल ठोकळ्यापर्यंत सावकाश दाबावें, सावकाशच सोडावें, आणि दोनतीन सेकंद थांबून पुन्हां दाबावें. घाईनें धपाधप दाबल्यास मोठा बुडबुडा फुटून त्याचे बारीक फेंसाळ कण होतात व ते निघतां निघत नाहींत. सहा ते आठ वेळां दाबून झाल्यावर उतरून टाकी पाहावी व द्रव भरावा. टाकी रिकामी होऊं देणें ही या कामांतील सर्वांत महाग चूक होय. मास्टर सिलिंडरांतच हवा शिरून सर्व काम पहिल्यापासून करावें लागतें.

नळींत बुडबुडे येईनासे होऊन स्वच्छ, फिक्या रंगाचा द्रव दिसूं लागेपर्यंत हा क्रम चालवावा. शेवटच्या वेळीं पेडल ठोकळ्यापर्यंत दाबून सीट व पेडल यांच्यामध्यें काठी अडकवावी, म्हणजे पेडल खालींच राहील. मग जाऊन निपल मिटावें, व नंतर काठी काढावी. काठी हाच येथें आपला दुसरा गडी. निपल बेताचेंच आवळावें; तें पोकळ असतें, व लांब दांड्याचा जोर त्यास सोसत नाहीं. वर रबरी टोपी बसवून पुढील चाकाकडे वळावें.

बाजारांत एकमार्गी व्हाल्वाची नळी मिळते. विहिरींतील फूटव्हाल्व जसा पाणी वर जाऊं देतो पण परत येऊं देत नाहीं, तसेंच तिचें काम आहे, व तिनें श्रम वांचतात. मात्र आट्यांतून येणारी हवा तीहि थोपवूं शकत नाहीं. हातपंपानें निपलाकडून ओढण्याचीहि रीति आहे. तींत आट्यांतून आलेले बुडबुडे सारखे दिसत राहून माणूस फसतो. टाकीवरून दाब देणारीं यंत्रें चांगलीं असतात, परंतु त्यासाठीं फवारणीचा पंप वापरण्याचा मोह कोणीं करूं नये. औषधाचा अंश व पाणी ब्रेकांत जाणें म्हणजे विकतचा धोका होय.

परीक्षा

इंजिन बंद ठेवून पेडल जोरानें दाबून मिनिटभर धरावें. तें कठीण लागलें पाहिजे व खालीं सरकतां कामा नये. त्याच स्थितींत इंजिन सुरू केल्यास व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडींत पेडल किंचित् खालीं जातें. तें बिघाडाचें चिन्ह नव्हे. चारी निपलें कोरडीं आहेत हें पाहावें, टाकी खुणेपर्यंत भरून झांकण घट्ट लावावें. मग मोकळ्या सपाट जागीं अगदीं हळू गाडी चालवून चारसहा वेळां ब्रेक लावून पाहावा. भरलेली गाडी रस्त्यावर नेणें त्यानंतरच.

इतकें करूनहि पेडल हळूहळू खालीं जात असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे वायसर गेले असें समजावें. पेडल कठीण पण फार खालीं असेल तर मागील लायनर ड्रमापासून दूर राहत असतील. मऊपणा जातच नसेल तर एखादी रबरी नळी दाबानें फुगत असेल. एबीएस असलेल्या गाडीच्या त्या पेटींत हवा शिरल्यास ती काढण्यास बहुधा गॅरेजांतील संगणकी उपकरण लागतें. या प्रसंगीं हात आंखडून गाडी जाणत्या कारागिराकडे द्यावी, आणि तीहि ओढून न्यावी, चालवून नव्हे.

काढलेला द्रव पुन्हां टाकींत घालूं नये. तो विषारी आहे. मुलें व गुरें यांपासून दूर, नांव लिहिलेल्या डब्यांत ठेवावा, आणि विहिरीच्या कडेला किंवा बांधावर ओतूं नये. रंगावर पडल्यास तो रंग खातो, म्हणून तत्काळ पाण्यानें धुवावें.

पहिल्या वेळीं या सर्वांस अर्धा दिवस लागेल. पुढें दोन तासांत काम उरकतें. पेरणीपूर्वीं आपण पाभर व औतें तपासून घेतों, तसेंच माल बाजारांत जाऊं लागण्यापूर्वीं दरसाल एकदां ब्रेक तपासण्याचा परिपाठ शेतकरी बंधूंनीं ठेवावा. पिकाची किंमत बाजारांत ठरते. तें पीक व तें नेणारा माणूस तेथवर सुखरूप पोंचणें हें मात्र बरेंच आपल्या हातीं आहे.