निपाणीची काळी माती आणि आंबोलीचा पाऊस

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी चार शब्द पाठ केले होते : शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण. प्रत्येकाचा वेगळा धडा, धड्याखाली वेगळा स्वाध्याय. पुढे आर्ट्सला आलो आणि ते चारही शब्द शाळेतच राहिले. पण आजच्या भूविज्ञानाला खरा रस या चार धड्यांत नाही. एका धड्यातलं दुसऱ्या धड्यात काय जातं, कसं जातं, किती वेळात जातं, हा त्याचा विषय आहे. आणि हे बघायला बेळगाव जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला तरी दुसरी दिसत नाही.

सुरुवात दगडापासून करू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेला आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या काळ्या दगडाखाली गेला. याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. इथला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला. (भाषेच्या विद्यार्थ्यांना एवढं तरी आवडायला हरकत नाही.) बेळगावच्या आसपास हा दगड विरळ होत संपतो. गोकाकला घटप्रभा ज्या खडकावरून ५२ मीटर खाली पडते, तो त्याच्या कितीतरी आधीचा; डायनासोर सोडाच, पृथ्वीवर मासेही नव्हते तेव्हाचा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा वाटणारा नियम १६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं मांडला. हाच स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाला, आणि १९८८ मध्ये पोपनी त्याला धन्य घोषित केलं.

आता या दगडावर पाऊस पाडूया. आंबोलीला वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगावला १,२०० च्या आसपास, अथणीला ६०० च्या आत. आंबोली ते अथणी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा नाही! ढग घाटावर रिकामे होतात आणि पूर्वेला उरलंसुरलं पोचतं. जिथे पाऊस धो धो, तिथे दगडातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. तीच आपली तांबडी माती, आणि खानापूरकडच्या जुन्या घरांच्या भिंतीतला जांभा चिरा. जिथे पाऊस बेताचा, तिथे त्याच बेसॉल्टची काळी माती होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते.

यात हवासुद्धा गुंतलेली आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, दगड झिजवतं, त्यातलं कॅल्शियम नदीवाटे समुद्रात नेतं. तिथे शिंपले त्याचं कवच करतात, आणि लाखो वर्षांनी त्या कवचांचा चुनखडक होतो. म्हणजे हवेतला कार्बन शेवटी दगडात जाऊन बसतो.

निपाणीची गोष्ट इथून सुरू होते. काळी माती ओल धरून ठेवते. विडीच्या तंबाखूची लागण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते आणि पाऊस गेल्यावर ते पीक त्या साठलेल्या ओलीवर वाढतं. या मातीमुळे निपाणीला तंबाखू आली, तंबाखूमुळे बाजारपेठ आणि वखारी आल्या, वखारींत राबणाऱ्या बायका आल्या. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. हे कष्टकरी जग महादेव मोरेंनी निपाणीत पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्यांत आणलं. आपण ते 'ग्रामीण साहित्य' या मथळ्याखाली वाचतो आणि परीक्षेत तसंच लिहितो. त्या पानांखालची माती ज्या दगडातून झाली तो ६ कोटी वर्षांहून जुना आहे, हे कुणी सांगत नाही. दगडामुळेच सगळं घडलं असं मी म्हणत नाही. भाव दगड ठरवत नाही, व्यापारी ठरवतात. पण दगड वगळून ही गोष्ट अर्धीच राहते.

मग २०१९ चा ऑगस्ट. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. निपाणीत पाऊस उघडला तरी पाणी चढतं, कारण ते पाणी निपाणीचं नसतंच. ते भुदरगडच्या डोंगरात, म्हणजे महाराष्ट्रात पडलेलं असतं. वेदगंगा भोजला दूधगंगेला मिळते, दूधगंगा पुढे चिकोडी तालुक्यात कृष्णेला. कृष्णाच भरून वाहत असेल तर मागच्या नद्यांना वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो. फुगलेली काळी माती आणखी पाणी जिरवून घेत नाही. त्यात नदीकाठचे भराव आणि बांधकामं आपण घातलेली. सीमाप्रश्नावर आपल्याकडे जितकं बोललं जातं, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही या नद्यांच्या नकाशावर बोललं जात नाही, आणि मला ते खटकतं. वरच्या धरणातून पाणी कधी सोडलं, हा प्रश्न पूरग्रस्ताला भाषेच्या प्रश्नाइतकाच जवळचा असतो.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा. मलप्रभा तिथे उगम पावून पूर्वेला वाहते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच परिसरातले कळसा-भांडुरा नाले म्हादईला मिळून गोव्यातून अरबी समुद्राला जातात. मध्ये एवढीशी धार. या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवलं तर हुबळी-धारवाडला प्यायला मिळेल. २०१८ मध्ये लवादानं म्हादईतलं १३.४२ टीएमसी पाणी कर्नाटकाला दिलं, आणि गोव्याचा विरोध अजून संपलेला नाही. भीमगडच्या जंगलातली ओल, मांडवीच्या मुखाशी गोड्या-खाऱ्या पाण्याचा मेळ, तिथली खारफुटी आणि मासे एका बाजूला. उन्हाळ्यात घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका दुसऱ्या बाजूला. शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण, चारही एकाच धारेवर. कणकुंबी बेळगावपासून बसनं तासा-दीड तासावर आहे. मंडळाची या वर्षीची सहल अजून ठरलेली नाही.